माळ्यावरची आगगाडी आमच्याकडे आणण्याआधी

गणपतीच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरून काय काय खाली येतं. आमच्या सावंतवाडीच्या दुकानात दर वर्षी त्यातूनच एकदोन जुन्या, विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या आगगाड्या ओळख पटवायला आणि किंमत काढायला येतात. कुणाचे आजोबा बोटीवर होते, कुणाचे मुंबईत विलायती कंपनीत. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. काही घरांच्या पडवीत मात्र रूळ त्याच्या कितीतरी आधी पडले होते!

एकच विनंती: सापडली तशीच आणा. पुसू नका, खोबरेल तेल सोडू नका, ब्रासो तर नकोच. आणि चालते का बघायला लायटीला लावू नका. अमेरिकन लायनल कंपनीच्या गाडीचा ट्रान्सफॉर्मर ११०-१२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर तो जळतो. इंग्लिश ट्रान्सफॉर्मरला आपली वीज चालेल, पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या वायरीचं रबर हात लावताच गळून पडतं.

ओळख पटवायला घरी एक पट्टी पुरते. दोन बाहेरच्या रुळांमधलं आतलं अंतर मोजा. ३२ मिलिमीटरच्या आसपास आलं तर 'ओ' गेज (गेज म्हणजे रुळांमधलं अंतर): जुनी मोठी हॉर्नबी, लायनल वगैरे कंपन्यांची गाडी. १६.५ आलं तर हॉर्नबी-डब्लो (छोटी हॉर्नबी, पुढे नुसती 'डब्लो' म्हटलीय ती), ट्राय-अँग किंवा छोटी मार्क्लिन. मग मध्ये तिसरा रूळ आहे का ते बघा. लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीने डब्लो १९३८ मध्ये काढली ती तीन रुळांची. दोन रुळांची डब्लो १९५९ पासून. जर्मन मार्क्लिनलाही तिसरा रूळ असतो, पुढे त्याच्या जागी रुळांच्या मधोमध बारीक ठिपके आले. पण डब्लो १२ व्होल्ट डीसीवर चालते आणि मार्क्लिन एसीवर. दोन्ही एकाच पेटाऱ्यात असतील तर एकीचा ट्रान्सफॉर्मर दुसरीला जोडू नका.

इंजिन उलटं करून खालची अक्षरं वाचा. 'यू.एस. झोन जर्मनी' असेल तर माल दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या काही वर्षांतला. खोकं फाटकं असलं तरी टाकू नका. मेकानोच्या बऱ्याच खोक्यांवर कोपऱ्यात बारीक छपाईत महिना आणि वर्ष असतं. ते छपाईचं, म्हणून गाडी त्याच सुमाराची किंवा थोडी नंतरची. शिवाय खोक्यासकट गाडीला गिऱ्हाईक जास्त देतं.

चावीची गाडी म्हणजे स्वस्तातली, असं सगळे धरून चालतात. मोठ्या हॉर्नबीत ते बरचसं खरंही आहे. डब्लोत उलटं! चावीची डब्लो फक्त युद्धाआधी निघाली, त्यामुळे ती विजेच्या डब्लोपेक्षा दुर्मीळ. स्टेशनांचंही तसंच. युद्धाआधीची डब्लोची स्टेशनं लाकडी होती. एका ताईंनी असं एक स्टेशन 'हे आपल्याकडचंच, चितार आळीतलं' (सावंतवाडीची लाकडी खेळण्यांची आळी) म्हणून नातवाला खेळायला दिलं होतं. छपराचा रंग दातांनी खरवडलेला, पण लाकूड शाबूत होतं.

आता किमतीबद्दल. नेटवर मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. आम्ही लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या मालाचे आकडे बघतो. सर्वांत जास्त फरक पडतो मूळ रंगाने. दुकान नवं असताना आम्हीच एका गंजक्या इंजिनाला हौसेने नवा रंग काढला. मालक खूश झाले, पण ज्याला विकायचं होतं त्या संग्राहकाने ते हातात घेऊन परत ठेवलं. तेव्हापासून विचारल्याशिवाय ब्रश उचलत नाही.

खारी हवा आणि चार महिने पाऊस, म्हणून पत्र्याला गंज धरतोच. वरवरचा असेल तर घाबरू नका. खरा रोग जस्ताचा. युद्धाआधीच्या ओतीव चाकांच्या आणि सांगाड्यांच्या जस्तात शिशासारखी भेसळ राहिली, की धातू आतून फुगतो, तडे जातात आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. त्यावर औषध नाही, भाग बदलावा लागतो. सुरुवातीच्या ट्राय-अँगचे प्लॅस्टिकचे डबे वाकलेले दिसले तर कुणी उन्हात ठेवले म्हणून घरातल्यांवर चिडू नका. ते प्लॅस्टिकच तसं होतं.

नुसतं बघून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही. लेखी किंमत हवी असेल तर शुल्क आधी सांगू. ज्या मालाची किंमत आम्ही काढली तो आम्ही स्वतः विकत घेत नाही. बहुतेक गाड्या साध्याच निघतात, तेही स्पष्ट सांगतो.

आणताना प्रत्येक डबा जुन्या धोतराच्या फडक्यात वेगळा गुंडाळा. ओल्या वर्तमानपत्राची शाई रंगाला लागते. सुटे स्क्रू, तुटका सिग्नल, चावी, जे सापडेल ते त्याच पेटाऱ्यात राहू द्या.