डिश आणि केबल: अमेरिकेत लोकल स्टेशनांची यादी दोघांची वेगळी का?

न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन जंक्शनवरून रोज सकाळी न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या गाड्या भरभरून जातात आणि त्या गर्दीत मराठी बोलणं हमखास कानावर पडतं. हे स्टेशन वेस्ट विंडसर टाउनशिपमध्ये, म्हणजे मर्सर काउंटीत येतं. इथल्या घरावर डिश बसवली की लोकल स्टेशनं मिळतात ती फिलाडेल्फियाची: 3 वर सीबीएस, 6 वर एबीसी, 10 वर एनबीसी, 29 वर फॉक्स. सकाळच्या बातम्यांत स्कूलकिल एक्सप्रेसवेवर गाड्या कुठे तुंबल्यात ते सविस्तर कळतं. ज्याला तासाभरात मॅनहॅटन गाठायचं आहे, त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

लागूनच असलेल्या प्लेन्सबरोत त्याच कंपनीची तीच डिश लावा. तिथे 2, 4, 5, 7 हे आकडे येतात, म्हणजे न्यूयॉर्कची स्टेशनं. दोन्ही गावांचा शाळेचा डिस्ट्रिक्ट एकच, किराणा आणायची दुकानं तीच, देवळं तीच. मधे फक्त काउंटीची हद्द आहे: प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत येतं.

मर्सरमध्येच ज्यांच्याकडे केबल आहे, त्यांच्या यादीत फिलाडेल्फियाबरोबर न्यूयॉर्कचीही काही स्टेशनं वर्षानुवर्षं दिसत आली आहेत. भारतीय वाहिन्यांच्या पॅकसाठी ज्या मराठी घरांनी केबल सोडून डिश घेतली, त्यांतल्या अनेकांना हा फरक तार काढून टाकल्यावरच कळला. डिश आणि केबल म्हणजे माल एकच, वाट तेवढी वेगळी, असं आपण गृहीत धरतो. करमणुकीच्या देशव्यापी वाहिन्यांपुरतं ते जवळजवळ खरंही आहे. लोकल स्टेशनांच्या बाबतीत मात्र दोघांवर वेगवेगळे कायदे चालतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे डीटीएच पुण्यात लावा की नागपुरात, चॅनेलची यादी तीच असते. शहरापुरतं काही असलंच तर ते केबलवाल्याचं स्वतःचं चॅनेल. अमेरिकेत एनबीसी, सीबीएस, एबीसी, फॉक्स ही नेटवर्कं देशभर पसरलेली असली, तरी ती घरात येतात शहरोशहरीच्या स्टेशनांमार्फत. प्रत्येक स्टेशनाला सरकारी परवाना असतो, बहुतेकांची स्वतःची बातम्यांची टीम असते आणि पोट भरतं ते बरंचसं स्थानिक जाहिरातींवर. रात्रीची मालिका सगळीकडे एकच, पण 6 च्या बातम्या, हवामान, निवडणुकीतले स्थानिक उमेदवार आणि रविवारी दुपारची फुटबॉलची मॅच हे सगळं गावागणिक बदलतं. म्हणून मर्सरमध्ये फिलाडेल्फियाचा संघ ईगल्स दिसणार की न्यूयॉर्कचा जायंट्स, हा प्रश्न घरात भांडणं लावण्याइतका मोठा होतो.

आता ही वाटणी कोण करतं? नील्सन ही प्रेक्षकसंख्या मोजणारी कंपनी. तिने साऱ्या देशाचे 210 बाजार पाडले आहेत. कुठल्या शहराची स्टेशनं जास्त पाहिली जातात त्यावरून एकेक काउंटी एकेका बाजारात टाकलेली आहे. हा नकाशा निघाला जाहिरातदारांसाठी, भाव ठरवायला सोपं जावं म्हणून. पुढे कायद्यानेही तोच उचलला, आणि जाहिरातीची सोय नागरिकाची हद्द होऊन बसली. माझा सगळा आक्षेप इथे आहे. खुद्द सरकारचं हवामान खातंही ही रेघ मानत नाही: मर्सर आणि मिडलसेक्स या दोन्ही काउंट्यांना वादळाचा इशारा देतं ते माउंट हॉलीचं एकच कार्यालय.

केबलची गोष्ट जुनी आहे. डोंगराआडच्या गावांत अँटेनाला सिग्नल मिळेना, तेव्हा कुणीतरी टेकडीवर उंच अँटेना उभारला आणि तिथून घरोघरी तार ओढली. केबलचा जन्म हा असा. म्हणजे आसपासच्या शहरांची मिळतील ती स्टेशनं खेचून आणणं हेच तिचं मूळ काम. 1976 च्या कॉपीराइट कायद्याने त्याला रीतसर परवानगी दिली: केबल कंपनीने ठरलेली रॉयल्टी भरावी आणि बाहेरच्या बाजारातलं स्टेशनही दाखवावं. 1992 च्या केबल कायद्याने उलट बाजूने सक्ती केली, की आपल्या बाजारातल्या स्टेशनाने फुकट दाखवायची मागणी केली तर त्याला जागा द्यावीच लागेल. केबल कंपन्यांनी हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं आणि 1997 मध्ये त्या हरल्या. शेजारच्या शहराचं स्टेशन तोच कार्यक्रम दाखवत असेल तर स्थानिक स्टेशन तो केबलवर झाकायला लावू शकतं, असे काही नियम आहेत. पण शेजारचं स्टेशन त्या काउंटीत पूर्वीपासून पुरेसं पाहिलं जात असेल, तर त्यातूनही सूट मिळते. अशा स्टेशनांची यादी 1972 पासून चालत आलेली आहे.

डिशचा प्रवास उलट्या दिशेने झाला. उपग्रहावरून एक सिग्नल सोडला की तो साऱ्या देशावर पडतो. त्यामुळे न्यूयॉर्कचं स्टेशन मॉन्टानात दिसू लागलं, तर मॉन्टानातल्या स्टेशनाला जाहिरात कोण देणार, ही भीती पहिल्या दिवसापासून होती आणि ती खोटी नव्हती. 1988 च्या कायद्याने म्हणून एक अरुंद दार ठेवलं: ज्या घराला छतावरच्या अँटेनाने स्वतःच्या भागातलं स्टेशन नीट मिळत नाही, त्यालाच लांबच्या शहराचं स्टेशन डिशवर दाखवता येईल. 1994 मध्ये डायरेक्टीव्ही आणि 1996 मध्ये डिश नेटवर्क या दोन डिश कंपन्यांची सेवा सुरू झाली, तेव्हा त्यांच्याकडे लोकल स्टेशनं जवळजवळ नव्हतीच. छोटी डिश, स्वच्छ चित्र, शेकडो चॅनेल, आणि गावच्या बातम्यांसाठी मात्र वेगळा अँटेना किंवा केबलचं स्वस्तातलं कनेक्शन, अशी तऱ्हा होती. लांबची स्टेशनं पात्र नसलेल्या घरांनाही सर्रास दिली जाताहेत, असं मायामीच्या कोर्टात सिद्ध झालं आणि असंख्य घरांतलं नेटवर्क टीव्ही बंद करायचे आदेश निघाले. काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, तक्रारींचा पूर आला.

त्यातून 1999 चा कायदा आला, आणि डिशची आजची यादी त्याच्याच चौकटीत आहे. स्टेशन ज्या बाजारातलं, त्याच बाजारातल्या घरांना ते उपग्रहावरून दाखवायला परवानगी मिळाली. 1 जानेवारी 2002 पासून अटही लागू झाली: एका बाजारातलं एक लोकल स्टेशन या परवान्याखाली दाखवलंत, तर त्या बाजारातली मागणी करणारी पूर्ण शक्तीची सगळी स्टेशनं दाखवा. केबलला सक्ती होती ती थेट. डिशला होती ती अशी, की बाजारात उतरायचं असेल तर पूर्ण उतरा, नाहीतर उतरूच नका.

काही ठिकाणी कंपन्या खरंच उतरल्या नाहीत. मॉन्टानातलं ग्लेंडाइव्ह, नेब्रास्कातलं नॉर्थ प्लॅट, मिशिगनमधलं अल्पीना, मेनमधलं प्रेस्क आइल अशा डझनभर छोट्या बाजारांत डायरेक्टीव्हीने कित्येक वर्षं लोकल स्टेशनं दिलीच नाहीत. ग्लेंडाइव्ह तर 210 च्या यादीत अगदी तळाला. अशा गावांत डिशवाल्या घराला लांबच्या शहराची स्टेशनं मिळत, म्हणजे बातम्या कुठल्यातरी परक्या महानगराच्या. डिश नेटवर्कचं वेगळंच झालं. लांबच्या स्टेशनांचे नियम मोडल्याबद्दल कोर्टाने 2006 मध्ये त्यांच्याकडून तो परवाना काढून घेतला. तो परत मिळवण्यासाठी 2010 च्या कायद्यानुसार त्यांना सगळ्या 210 बाजारांत लोकल स्टेशनं द्यावी लागली. 2019 मध्ये काँग्रेसने हीच अट सरसकट केली: लांबच्या स्टेशनांची सवलत हवी असेल तर आधी 210 बाजार पुरे करा. ती सवलतही आता ट्रक, मोटारहोम आणि ज्या बाजारात एखाद्या नेटवर्कचं स्टेशनच नाही अशा घरांपुरती उरली आहे.

आता तांत्रिक अडचणीकडे. डिश कंपन्या हे कारण नेहमी पुढे करतात आणि ते अर्धं खरं आहे. देशात पूर्ण शक्तीची स्टेशनं सतराशेहून अधिक आहेत. ती सगळी देशभर पसरणाऱ्या किरणात बसवायची म्हटली तर उपग्रहावर जागाच पुरणार नाही, आणि लुइझियानाचं स्टेशन ओरेगॉनवर पाडून फायदा कुणालाच नाही. म्हणून 2001 च्या अखेरीपासून छोट्या टापूवर नेम धरणारे किरण सोडणारे उपग्रह वर गेले. अशा किरणांना स्पॉट बीम म्हणतात. एका टापूत वापरलेली फ्रिक्वेन्सी दूरच्या दुसऱ्या टापूत पुन्हा वापरता येते, म्हणून इतकी स्टेशनं मावतात. याचा अर्थ सिॲटलच्या घरात न्यूयॉर्कचा लोकल किरण पोचतच नाही. तिथे कायदा बदलला तरी डिशचा इलाज नाही. पण असा किरण शेकडो मैलांवर पसरतो, आणि वेस्ट विंडसर न्यूयॉर्कपासून पन्नासेक मैलांवर आहे. तिथे सिग्नल छतावर पडतोच. कनेक्शनच्या पत्त्यावरून काउंटी ठरते, काउंटीवरून बाजार ठरतो, आणि त्यानुसार बॉक्स चॅनेल उघडतो किंवा बंद ठेवतो.

न्यू जर्सीला हे इतकं का बोचतं? सुमारे 93 लाख वस्तीच्या या राज्याचं स्वतःचं असं एनबीसी, सीबीएस, एबीसी किंवा फॉक्सचं एकही स्टेशन नाही. उत्तरेकडचा भाग न्यूयॉर्कच्या पदरात, दक्षिणेकडचा फिलाडेल्फियाच्या. राज्याला निदान एक व्यापारी व्हीएचएफ (म्हणजे 2 ते 13 या चॅनेलांपैकी) स्टेशन असावं म्हणून सिनेटर बिल ब्रॅडली यांनी 1982 मध्ये कायद्यात तरतूद करवून घेतली, आणि न्यूयॉर्कच्या चॅनेल 9 चा परवाना 1983 मध्ये सिकॉकसच्या नावावर आला. कागदावर ते जर्सीचं झालं खरं, पण बाजार न्यूयॉर्कचाच राहिला. मर्सर काउंटीत ट्रेंटन आहे, राज्याची राजधानी. तिथल्या डिशवाल्या घराच्या लोकल यादीत पेनसिल्व्हेनियातल्या शहराची स्टेशनं असतात, आणि त्यांच्या बुलेटिनमध्ये जर्सीच्या विधिमंडळाला मिळून मिळून किती वेळ मिळणार! मला हे नागरिकांवर होणारं खरंखुरं नुकसान वाटतं. मॅचचं दुःख परवडलं. आपला गव्हर्नर काय करतोय हे न दिसणं त्याहून फार वाईट.

डिशला शेजारचं स्टेशन देण्याची मुभा अजिबात नाही, असं मात्र नाही. 2004 च्या कायद्याने काउंटीत पुरेशी पाहिली जाणारी शेजारची स्टेशनं डिशवरही आणायला वाट करून दिली. अडचण अशी की ती फक्त परवानगी आहे. स्टेशनाची संमती हवी, बहुधा पैसे मोजावे लागतात, आणि कंपनीला सक्ती कुणाचीच नाही. 2014 च्या कायद्याने आणखी एक रस्ता उघडला: काउंटीच्या सरकारने एफसीसीकडे, म्हणजे प्रक्षेपणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाकडे, अर्ज करून डिशपुरता बाजार बदलून घ्यायचा. कोलोरॅडोतल्या ला प्लाटा काउंटीने, म्हणजे दुरँगोच्या परिसराने, तो वापरला. ती काउंटी आल्बुकर्कच्या बाजारात असल्यामुळे लोकांना घरबसल्या न्यू मेक्सिकोच्या निवडणुकांच्या जाहिराती दिसत आणि स्वतःच्या राज्याच्या बातम्या दिसत नसत. डेन्व्हरच्या स्टेशनांसाठी त्यांनी केलेले अर्ज 2017 मध्ये मंजूर झाले. आपल्या राज्याचं स्टेशन मिळावं एवढ्यासाठी अख्ख्या काउंटीला वकील, नकाशे आणि लोकांची पत्रं घेऊन वॉशिंग्टनला दाद मागावी लागते. शिवाय तांत्रिक किंवा आर्थिकदृष्ट्या जमत नाही असं कंपनीने दाखवलं, तर मंजूर झालेला बदलही डिशवर येत नाही.

आणखी दोन फरक कनेक्शन घेताना सहसा कुणी सांगत नाही. टाउनशिपच्या बैठका, शाळा-बोर्डाच्या चर्चा, हायस्कूलच्या मॅच दाखवणारं गावचं चॅनेल केबलवर असतं, कारण रस्त्याखालून तार न्यायची परवानगी घेताना केबल कंपनी त्या बदल्यात ते कबूल करते. डिश कंपनी गावाच्या रस्त्याला हातच लावत नाही, त्यामुळे तिच्याकडे हे मागायला गावाला जागा नाही. दुसरा फरक उपचॅनेलांचा. 2009 मध्ये प्रक्षेपण डिजिटल झाल्यापासून एकाच स्टेशनाच्या पोटात 4.1, 4.2, 4.3 अशी अनेक चॅनेल असतात. डिशवर त्यांतलं बहुधा पहिलंच येतं.

पैशांवरून खटके मात्र दोन्हीकडे सारखेच उडतात. स्टेशन दर तीन वर्षांनी सक्तीने पण फुकट दाखवलं जाणं किंवा मोबदल्याचा करार यांतलं एक निवडतं, आणि करार फिसकटला की पडदा काळा होतो. 2013 च्या ऑगस्टमध्ये सीबीएस आणि टाइम वॉर्नर केबलच्या वादात न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि डॅलसमधल्या केबलवाल्या घरांना महिनाभर सीबीएस दिसलं नव्हतं.

मर्सरसारख्या सीमेवरच्या काउंटीत राहणाऱ्याने म्हणून डिशचा करार करण्याआधी कंपनीच्या साइटवर स्वतःचा पूर्ण पत्ता टाकून लोकल यादी वाचावी. पलीकडच्या गावातल्या मित्राची यादी इथे कामाची नाही, आणि मित्राचा पत्ता देऊन कनेक्शन घेणं म्हणजे कराराचा भंग. दोन्ही शहरं हवीच असतील तर छतावर डिशशेजारी एक साधा अँटेना बसवावा. फिलाडेल्फियाचे टॉवर रॉक्सबरोत, मर्सरपासून नैर्ऋत्येला; न्यूयॉर्कचे मॅनहॅटनमध्ये, ईशान्येला. दिशा जवळपास उलट असल्यामुळे दोन तोंडांचा किंवा फिरता अँटेना लागतो, आणि तो जितका उंच तितकं बरं. एफसीसीच्या साइटवर पत्ता टाकला की कुठलं स्टेशन किती जोरात पोचतं ते दिसतं. हवेतून येणाऱ्या सिग्नलला काउंटी कळत नाही आणि महिन्याचं बिलही येत नाही.