एशियाडमधला महिला फुटबॉल आणि ‘पहिल्या आठा’चा नियम

सप्टेंबर २०१७. मुलांचा सतरा वर्षांखालील विश्वचषक देशात होणार होता, त्या निमित्तानं राज्यभरच्या शाळांना फुटबॉल वाटले गेले. विदर्भातल्या जिल्हा परिषद शाळांत, जिथं पटांगण म्हणजे कबड्डी आणि खो-खो, तिथंही चेंडू आला. काळ्या मातीत पावसाळ्यात पाय रुततो, उन्हाळ्यात भेगा पडतात. तरी पोरी खेळल्या. वर्षभरात, ऑगस्ट २०१८ मध्ये, जकार्ता-पालेमबांगला एशियाड झालं. तिथं देशाचा फुटबॉल संघ नव्हता, पुरुषांचाही नाही आणि महिलांचाही नाही. हे टिपण संघ न पाठवण्याच्या त्या निर्णयाबद्दल आहे, कारण गावातल्या मुलींना एशियाडबद्दल सांगताना गाडी दरवेळी तिथंच अडते.

मागचा इतिहास थोडक्यात. एशियाडमध्ये महिला फुटबॉल आला तो १९९० ला, बीजिंगमध्ये. पहिली तिन्ही सुवर्णपदकं चीनची. पुढं २००२, २००६ आणि २०१४ ला उत्तर कोरिया. २०१०, २०१८ आणि २०२३ मध्ये खेळल्या गेलेल्या स्पर्धेत जपान. आपलं दुर्दैव असं की आपला सगळ्यात चांगला काळ त्याआधीच होऊन गेला होता. महिलांची वेगळी संघटना असताना, ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर कालिकतला आणि मग १९८३ च्या स्पर्धेत, आपण आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उपविजेते होतो. एशियाडला आपला महिला संघ पहिल्यांदा गेला तो १९९८ ला, बँकॉकला. त्यानंतर थेट २०१४. मधल्या काळात सामनेच इतके कमी झाले की २००९ च्या सुमारास निष्क्रिय म्हणून जागतिक क्रमवारीतून आपलं नावच निघालं होतं.

आता तो नियम. सांघिक खेळात आशियात पहिल्या आठात असाल तरच एशियाडला पाठवू, असं २०१८ मध्ये ऑलिम्पिकच्या राष्ट्रीय संघटनेनं धरलं. खर्च होतो, पथक फार मोठं होतं, पदकाची आशा नसताना माणसं कशाला न्यायची, असा युक्तिवाद होता. तो वरवर पटतो. पण ‘पहिले आठ’ म्हणजे नेमकं काय? क्रमवारीतले आठ की स्पर्धेतले आठ? पुरुषांच्या बाबतीत तर घोळ उघड होता, कारण एशियाडला जाणारा त्यांचा संघ वयाची मर्यादा असलेला, आणि क्रमवारी मात्र वरिष्ठ संघाची लावली. महिलांना वयाची अट नाही, म्हणजे क्रमवारी ज्या संघाची तोच संघ जातो. त्यामुळं त्यांच्यावर नियम चपखल बसला, असं कुणी म्हणेल. मला उलटं वाटतं. क्रमवारी सामन्यांतून वर चढते. ज्या संघाला वर्षानुवर्षं सामने मिळाले नाहीत, त्याच्याकडं क्रमांक मागायचा आणि क्रमांक नाही म्हणून सामने नाकारायचे, हे न्यायाचं नाही. आपल्या शालेय स्पर्धेत असं नसतं. तालुक्याला संघ उतरवताना जिल्ह्यात तुमचा नंबर कितवा, असं कुणी विचारत नाही; जिंकलात तर विभागाला, नागपूरला किंवा अमरावतीला जा, हरलात तर पुढच्या वर्षी या.

२०१८ ला महिलांच्या स्पर्धेत अकरा संघ होते. त्यात मालदीव होता, ज्याला आपण २०१४ ला इंचॉनमध्ये १५-० नं हरवलं होतं. ताजिकिस्तानही होता, आणि चीननं त्याच्यावर सोळा गोल केले. तरी ते संघ खेळले आणि शिकून घरी गेले. आपल्या मुली घरीच होत्या.

आठातला क्रमांक मैदानावर मिळवायची एक संधी घरच्याच मैदानावर आली होती. जानेवारी २०२२ मध्ये महिला आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. बारा संघ, त्यातले आठ बाद फेरीत. इराणशी ०-० बरोबरी झाली आणि मग संघात कोरोना शिरला. नियमानं लागणाऱ्या किमान तेरा खेळाडू उभ्या करता येईनात, म्हणून बाहेर पडावं लागलं.

चीनमधल्या हांगचौच्या एशियाडच्या वेळी, जुलै २०२३ मध्ये, तीच अट पुन्हा आडवी आली. सगळी चर्चा पुरुष संघाची. त्यांच्या प्रशिक्षकानं थेट पंतप्रधानांना विनंती केली, मग सरकारनं अट शिथिल केली आणि महिला संघालाही त्यात वाट मिळाली. वर्तमानपत्रांत महिलांचा उल्लेख शेवटच्या ओळीत असायचा, हे आजही खटकतं. गटात चायनीज तैपेईविरुद्ध आधी गोल आपला, पण निकाल १-२. थायलंडशी ०-१. घरी परत.

पण थायलंडचाच हिशोब बघा. २०१४ ला इंचॉनमध्ये त्यांनी आपल्याला १०-० नं हरवलं होतं. हांगचौला अंतर एका गोलाचं राहिलं. आणि ५ जुलै २०२५ ला, चियांग माईला, त्यांच्या घरच्या मैदानावर, आपण २-१ नं जिंकलो आणि २०२६ च्या आशिया चषकात पोचलो. पात्रता फेरी खेळून तिथं पोचण्याची ही आपली पहिलीच वेळ.