बाहुलीचे जलरंग-पेन्सिल चित्र : रसग्रहण

बाहुली हाच एकमेव विषय असलेले, पेन्सिलीच्या रेखाटनावर पारदर्शक जलरंगाचे थर चढवलेले वस्तुचित्र. अमेरिकेत १९३५ ते १९४२ या काळात सरकारी योजनेतून बेकार चित्रकारांकडून जुन्या वस्तूंची अशी सुमारे १८,००० चित्रे करून घेतली गेली. ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ हा तो संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे.

नाशिकमध्ये जलरंग म्हटला की गोदाघाट आठवतो : ओला वॉश (पाणी जास्त घेऊन पसरवलेला रंग), शिखरे, पाण्यातली प्रतिबिंबे. त्या नजरेला बाहुलीचे चित्र नुसती नक्कल वाटते, आणि हा त्यावर अन्याय आहे.

आधी वजन पाहावे. कळसूत्री बाहुली दोऱ्यांवर तोललेली असते. उचललेल्या हाताची दोरी ताठ, सोडलेल्या हाताची झोल घेतलेली हवी. कोपर-गुडघे सांध्यातून लोंबायला हवेत. चित्रकाराने हातापायांत स्नायूंचा जोर भरला की बाहुलीचे मूल होते. ही चूक अनेकदा आढळते.

मग पेन्सिल कुठे थांबते ते शोधावे. दोऱ्या, खिळे, लाकडाच्या रेषा, तडे ही तिची कामे. वस्त्र आणि चेहरा रंगाचे. २एच ही कडक पेन्सिल जोरात दाबली तर कागदावर चरे पडून त्यांत रंग साचतो. ६बी ही मऊ, काळीभोर पेन्सिल ब्रशच्या पाण्याने पसरून पिवळा, गुलाबी मळवते. म्हणून मधली एचबी, हलक्या हाताने. रंगाखाली गेलेली रेघ नंतर खोडरबराने नीट निघत नाही. गडद भाग केवळ ग्रॅफाइटने (पेन्सिलीच्या शिशाने) भरला असेल तर बाजूने पाहताना चकाकतो.

रंग उडालेला लाकडी चेहरा ही खरी कसोटी. आधी लाकडाचा रंग, तो पूर्ण सुकल्यावर टवके सोडून वरचा थर. घाई केली तर पाणी मागे चढून फुलकोबीसारखी कडा उमटते. डोळ्यांचा पांढरा कागदाचाच राखला आहे की पोस्टर कलरने लावला, हेही पाहावे. लावलेला पांढरा निस्तेज दिसतो. वस्त्रावरची नक्षी चुणीबरोबर वळली नाही, तर कापड पत्र्यासारखे ताठ भासते.

पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्याच्या (मुखवटे घालून नाचण्याच्या आदिवासी उत्सवाच्या) मुखवट्यांची चित्रेही याच नजरेने पाहता येतात. तिथे दोऱ्यांचा प्रश्न नसतो, रंगांचे थर मात्र तसेच वाचावे लागतात.

मूळ चित्र सुमारे ५० लक्स (उजेडाचे माप) इतक्या मंद उजेडात ठेवतात. नाशिकच्या पावसाळ्यात काच कागदाला टेकू देऊ नये, बुरशी धरते. मधे आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवा. अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल रंग उजेडाने लवकर उडतो, त्यामुळे जुन्या चित्रातील फिकट गाल मुळात तसेच रंगवले होते असे धरून चालू नये.