न टेकता लिहिणारी शाई

घरात थंड पेयाची एखादी बाटली असेल तर ती उजेडात धरा आणि तिच्यावरची तारीख भिंगातून पाहा. अक्षरं सलग दिसणार नाहीत. रांगोळीसारखे ठिपके दिसतील: बहुतेक वेळा पाच आडवे, सात उभे, एवढ्याच जाळीत एकेक आकडा बसवलेला. कारखान्यात ही बाटली गोल, बऱ्याचदा ओलसर आणि पट्ट्यावरून पळणारी असते. तिला शिक्का मारायला गेलं तर ती कलंडेल. म्हणून तिला काहीच टेकत नाही. साधारण एक सेंटिमीटरवरून शाईचे थेंब तिच्यावर फेकलेले असतात.

न टेकता लिहिण्याची ही कल्पना छपाईवाल्यांची नाही, ती मोजमापाच्या उपकरणांतून आली. मला या सगळ्या हकिकतीतला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. समुद्राखालच्या तारेतून येणारा संदेश इतका क्षीण असे, की कागदावर टेकलेली लेखणी हलवण्याचंही बळ त्यात नसे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 1867 मध्ये सायफन रेकॉर्डरचं पेटंट घेतलं. त्यात केसासारखी बारीक काचनळी कागदापासून किंचित दूर राही आणि विद्युतभाराच्या ओढीनं शाई कागदावर उडे. स्वीडनच्या रुने एल्मक्विस्ट यांना हृदयाचा आलेख काढताना हीच अडचण आली: लेखणीला वजन असतं, ती मागे पडते. त्यांनी तिच्या जागी शाईची धार आणली. त्यांचं अमेरिकी पेटंट 1951चं. (1958 मध्ये माणसाच्या शरीरात पहिल्यांदा बसवलेला पेसमेकरही यांनीच तयार केला होता.) मग अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांना याहूनही जलद संकेत नोंदवायचे होते. त्यांनी धारेतला एकेक थेंब वेगळा वळवायचं ठरवलं आणि 1965 मध्ये ते काम प्रसिद्ध केलं.

थेंब पाडायला वेगळं काही करावं लागत नाही, धार आपोआपच तुटते. स्वयंपाकघरातला नळ अगदी बारीक सोडून पाहा. वर काचेच्या काडीसारखी दिसणारी धार खाली जाता जाता मण्यांची होते. फ्रान्सच्या फेलिक्स साव्हार यांनी 1833 मध्ये याचा बारकाईनं अभ्यास केला. बेल्जियमचे जोसेफ प्लाटो यांनी पुढे दाखवलं, की धारेवरची लाट धारेच्या परिघाहून लांब असेल तर ती वाढत जाते आणि धार तोडते. पृष्ठताणाला कमी पृष्ठभाग हवा असतो आणि तेवढंच पाणी थेंबांत राहिलं तर तो कमी होतो. प्लाटो यांची दृष्टी तोवर गेलेली होती, तरी त्यांचे प्रयोग थांबले नाहीत. 1878 मध्ये लॉर्ड रॅले यांनी गणित पूर्ण केलं: धारेच्या जाडीच्या सुमारे साडेचार पट लांबीची लाट सगळ्यात झपाट्यानं वाढते.

इंजिनिअरांनी नेमकं हेच धरलं. बाटल्यांवर तारीख छापणाऱ्या कोडिंग मशीनच्या नोझलचं भोक साधारण 60 मायक्रॉनचं, म्हणजे केसाच्या जाडीचं. त्यातून शाई सेकंदाला सुमारे 20 मीटर वेगानं निघते. विजेवर थरथरणारा एक स्फटिक तिला रॅलेंच्या लाटेच्या तालावर हलवतो. हिशेब करा: 60चे साडेचार पट म्हणजे 270 मायक्रॉन, आणि 20 मीटरमध्ये असे तुकडे बसतात सुमारे 74 हजार. सेकंदाला तेवढे थेंब, सगळे एकाच मापाचे.

एका पॅकिंग विभागात मी हे डोळ्यांनी पाहिलं. ऑपरेटरनं हेडचं, म्हणजे थेंब फेकणाऱ्या भागाचं, झाकण काढलं, भिंग हातात दिलं आणि आतला बारीक दिवा दाखवला. थेंब ज्या तालावर तुटतात त्याच तालावर तो दिवा लुकलुकतो, त्यामुळे सगळे थेंब हवेत जागच्या जागी उभे दिसतात. आधी धार, मग तिला पडलेल्या गाठी, मग मानेसारखा ओढलेला तंतू, आणि त्यापुढे सुटे मणी. “थेंब इथे तुटला पाहिजे,” त्यानं बोट दाखवलं, “पुढंमागं झालं की तारीख गेली.”

त्याचं कारण असं. थेंब जिथे तुटतो तिथेच भार देणारी पट्टी असते. शाई वीजवाहक असते. तुटण्याच्या त्या क्षणी पट्टीवर विजेचा जेवढा दाब (व्होल्टेज) असेल, त्या प्रमाणात विरुद्ध भार थेंबावर येतो आणि थेंब सुटताच त्याच्याबरोबर अडकून राहतो. पुढे काही हजार व्होल्टच्या दोन पट्ट्यांमधून जाताना जास्त भाराचा थेंब जास्त वळतो, कमी भाराचा कमी. भार नसलेला सरळ जातो आणि समोरच्या नळीत शिरतो. या नळीला गटर म्हणतात. बहुतेक थेंब कुठेही न लिहिता या गटरमधून टाकीत परत जातात.

थेंब वळतात ते फक्त वर-खाली. आडवी दिशा कन्व्हेयर देतो. म्हणून पट्ट्याचा वेग मशीनला चुकीचा कळला तर तारीख ताणली जाते किंवा चेपते, आणि हेड बाटलीपासून लांब गेलं तर आकडे उंच नि फिकट होतात. शिवाय सारख्याच भाराचे थेंब एकमेकांना ढकलतात. त्यावर तोड अशी, की दोन लिहिणाऱ्या थेंबांच्या मध्ये बिनभाराचा एखादा थेंब सोडायचा आणि आधीच्या थेंबाचा परिणाम धरून पुढच्याचा भार आधीच सुधारून घ्यायचा. हे सगळं दर सेकंदाला हजारो वेळा.

गटरमधून शाईबरोबर हवाही ओढली जाते आणि द्रावक उडून जातो. पॅकिंग विभागात येणारा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा उग्र वास त्याचाच. शाई घट्ट झाली की धारेचा वेग बदलतो, म्हणून मशीन सारखं मोजत राहतं आणि गरजेप्रमाणे ‘मेकअप’, म्हणजे ताजा द्रावक, घालतं. काही नव्या मशीनमध्ये ही हवा थंड करून द्रावक परत गोळा करतात. कामगारांच्या नाकातोंडात तो कमी जावा, यासाठी तरी ही सोय सगळीकडे यायला हवी.

घरातल्या प्रिंटरनं वेगळी वाट धरली: हवा तेव्हाच थेंब. 1977 मध्ये जपानच्या कॅनन कंपनीत तापलेली सोल्डरिंगची सळई शाईच्या सिरिंजला लागली आणि सुईतून शाई उडाली. त्यातून बुडबुड्याच्या जोरावर थेंब फेकणारं हेड निघालं. ठिपके बारीक पडत असल्यानं क्यूआर कोडसारख्या नाजूक कामाला ही जात उपयोगी पडते. भारतात 1 ऑगस्ट 2023 पासून 300 औषध ब्रँडांवर असा कोड सक्तीचा आहे. त्यात बॅच नंबर आणि मुदत असते, म्हणजे तो बॅचगणिक बदलतो. लेबलाच्या कायम साच्यात तो बसत नाही.

पण जलद वाळणारी शाई थांबलेल्या नोझलमध्येही तितकीच जलद वाळते. म्हणूनच बाटल्यांच्या लाइनवर अजून सतत वाहणारी धार टिकून आहे. शिफ्ट संपल्यावर ऑपरेटर थेट स्विच बंद करत नाही. तो बंद करण्याचं बटण दाबतो, मशीन नोझलमधून द्रावक फिरवतं, आणि मगच बंद होतं.