टाइप, रेंज की डोमेन: चलाच्या शक्य मूल्यांना नाव देताना

मराठवाड्यातला जिल्हा साठवणारा एक चल (व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्राममध्ये मूल्य ठेवायची नाव दिलेली जागा) घ्या. 1980 साली त्याला पाचच मूल्यं शक्य होती: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. 1981 ला जालना, 1982 ला लातूर, 1999 ला हिंगोली आली आणि ती आठ झाली. 2023 मध्ये दोघांची नावं बदलून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. अशा संचाला म्हणायचं काय, याबाबत प्रोग्रामिंगमध्ये आजही एकच शब्द नाही.

'टाइप' तर्कशास्त्रात जुना. 1908 मध्ये तर्कशास्त्रज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी, ज्या मूल्यांसाठी विधानाला अर्थ राहतो त्यांच्या समूहाला तो वापरला. प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये तो अल्गोल 60 या भाषेपासून रुळला. 1972 मध्ये संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी नेमकं मांडलं: चल कोणती मूल्यं घेऊ शकेल हे टाइप ठरवतो, आणि त्या मूल्यांची संख्या ही टाइपची कार्डिनॅलिटी.

निक्लाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेने (1970) दोन सोयी दिल्या. मूल्यं नावानिशी मोजून द्यायची, किंवा सबरेंज, म्हणजे पहिलं आणि शेवटचं मूल्य, सांगायची. जायकवाडीच्या दरवाजांसाठी 1..27 लिहिलं, की रेंजची तपासणी सुरू ठेवलेली असेल तर 28 पकडला जातो. 'रेंज' शब्द इथेच शोभतो, कारण त्याला दोन टोकं लागतात. जिल्ह्यांना टोकं नसतात. शिवाय गणितात रेंज म्हणजे फलनातून बाहेर पडणारी मूल्यं, त्यामुळे गोंधळ वाढतो.

'डोमेन' 1970 मध्ये एडगर कॉड यांच्या रिलेशनल मॉडेलमधून (माहिती तक्त्यांत मांडायची पद्धत) डेटाबेसमध्ये आला: स्तंभात चालणाऱ्या मूल्यांचा संच. जिल्ह्यासाठी हाच शब्द योग्य. स्तंभाचा टाइप मजकूर असेल तर त्यात 'लातुर'ही बसतं. डोमेनमध्ये फक्त 'लातूर'. डेटाबेसची भाषा एसक्यूएल हिच्या 1992 च्या मानकात, एसक्यूएल-92 मध्ये, डोमेन घोषित करायची सोय आली. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ती आहे, मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीत नाही; तिथे 8.0.16 आवृत्तीआधी चेकची अट (मूल्य चालेल का हे तपासणारी) लिहिली तरी मुकाट्याने दुर्लक्षित व्हायची.

सर्वांत महाग चूक सी भाषेच्या इनममध्ये, म्हणजे मूल्यांच्या नावांच्या यादीत, होते. क्रमांक 0 पासून आपोआप पडतात. औरंगाबाद 0, परभणी 1 असताना मध्ये जालना घातला, की परभणी 2 होते आणि जुन्या फायलीतल्या परभणीच्या सगळ्या नोंदी जालन्याच्या दिसू लागतात. म्हणून नवा जिल्हा शेवटी जोडावा किंवा प्रत्येकाला क्रमांक स्वतः द्यावा. नाव वेगळ्या तक्त्यात ठेवलं तर 2023 सारखा बदल दोन ओळींत उरकतो. आणखी एक: आठ जिल्हे 3 बिटांत (बिट म्हणजे 0 किंवा 1 ची एक जागा) बरोब्बर बसतात, पण 'माहीत नाही'साठी जागा उरत नाही, त्यासाठी चौथा बिट लागतो.