मोर अंगणात, अंडी कोंबडीखाली

खेडोपाडी एक जुनी युक्ती चालत आली आहे. बांधाच्या झुडपात लांडोरीची अंडी सापडली की ती घरी आणायची आणि खुडूक कोंबडीखाली ठेवून द्यायची. कोंबडीची स्वतःची अंडी २१ दिवसांत फुटतात, लांडोरीच्या अंड्यांना २८ च्या आसपास लागतात. तरी ती बिचारी आठवडाभर जास्त बसते. मग पिल्लं निघतात, परक्या आईमागे अंगणभर हिंडतात आणि तीन-चार वर्षांत एखाद्याला भला मोठा पिसारा फुटतो.

आज हा सरळसरळ गुन्हा आहे. पण युक्ती आपल्यापुरती नाही. मोर पाळणारे ग्रीक लोक अंडी कोंबडीखाली ठेवतात, हे ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं. कारणही दिलं: लांडोर अंड्यांवर बसली की मोरच येऊन ती तुडवतो. ज्याच्या रुबाबासाठी एवढा खटाटोप, तो बाप म्हणून असा!

आपल्याकडे घरच्या मोराला संस्कृतात वेगळा शब्दच होता: भवनशिखी. कालिदासाच्या ‘मेघदूता’त उज्जयिनीच्या घरांमधले हे मोर मेघाचं स्वागत नाचून करतात. अलकेत यक्षाची बायको टाळ्या वाजवते, बांगड्या किणकिणतात आणि त्या तालावर मोर नाचतो. संध्याकाळी तो सोन्याच्या दांडीवर जाऊन बसतो. मोराला पिंजरा कुठेच नाही, हे लक्षात घेण्यासारखं. कौटिल्याची नजर अर्थातच कोरडी. सापांचा बंदोबस्त म्हणून राजवाड्यात मांजर, मुंगूस यांच्याबरोबर मोर मोकळे सोडावेत, असं ‘अर्थशास्त्र’ सांगतं. (मोर साप खातो खरा, पण बहुतेक लहानसहान. त्याचं पोट भरतं ते दाणे, कोवळे कोंब आणि किड्यांवर.) आणि मोर खाल्लेही जात. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या मुदपाकखान्याचा हिशेब आहे: पूर्वी लाखो जीव मारले जात, आता रोज दोन मोर आणि एक हरिण, तेही नेहमी नाही; पुढे तेही बंद होईल.

मोर पाळण्याची हौस आणि तिची अडचण सर्वांत नेमकी पकडली ती अथेन्सकरांनी. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याचा मित्र पिरिलँपीस याच्याकडे मोर होते. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते सर्वांना बघायला मिळत, आणि लोक थेट स्पार्टाहून, थेसलीहून येत. अंडी मिळतात का, हाही डोळा असेच. त्या मोरांवरून पुढे कज्जा झाला. त्या खटल्यातल्या वक्ता अँटिफॉनच्या भाषणातला एक मुद्दा आजही खोडता येत नाही: शहरात मोर मोकळा सोडला तर उडून जाईल, पंख कापले तर शोभा जाईल, कारण त्याचं सौंदर्य पिसांत आहे, अंगात नाही. रोमने हा पेच फार मनावर घेतला नाही. हॉर्टेन्सियस या नामांकित वक्त्याने मेजवानीत मोर वाढला आणि मग लुर्को नावाचा गृहस्थ मोर पोसून विकत वर्षाला साठ हजार सेस्टर्स (रोमन नाणी) कमावू लागला.

पेच मात्र सुटला नाही. मोर अडीच हजार वर्षं माणसाजवळ राहिला, पण कोंबडीसारखा माणसाळला कधीच नाही. रात्री त्याला उंच झाड लागतं. विणीच्या दिवसांत उजाडायच्या आधीपासून त्याची केका सुरू होते. कवितेत ती गोड लागते, शेजारच्या खिडकीतून नाही. कोंबड्यांच्या आवारात वाढवला तर त्यांच्याकडून काळडोक्या रोग लागायची भीती, तीही कोंबड्या स्वतः ठणठणीत दिसत असताना.

परदेशात याची फळं दिसतात. कॅलिफोर्नियातल्या आर्केडियात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लकी’ बाल्डविन या धनिकाने भारतातून मोर नेले. त्यांचे वंशज आज लॉस एंजेलिसच्या उपनगरांत बागा उकरतात, कौलांवर घाण करतात, चकचकीत मोटारीत स्वतःचंच प्रतिबिंब पाहून चोची मारतात. फ्लोरिडातल्या पाइनक्रेस्टने तर २०२३ मध्ये मोरांची नसबंदी करायचं ठरवलं. एका नराच्या मागे अनेक लांडोरी, म्हणून हिशेब सोपा.

भारतात हौसेचा हा रस्ता कायद्यानेच बंद केला. १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला. सालिम अलींचं मत माळढोकाकडे होतं, आणि आज माळढोकाची अवस्था पाहता ते चुटपुट लावतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आला. शिकारीच्या व्याख्येत अंडी-घरट्यांना धक्का लावणंही येतं, म्हणजे कोंबडीखाली अंडी ठेवण्याची ती युक्ती कैदेपर्यंत नेऊ शकते. पांढरा मोरही सुटत नाही. रंग बदलला तरी जात तीच.

शेतकऱ्याची तक्रार वेगळीच. पाळता येत नाही आणि हाकलूनही भागत नाही. पेरलेलं टिपून खाणारा मोर त्याला राष्ट्रीय वाटणं अवघड. २०१६ मध्ये गोव्यात त्याला उपद्रवी ठरवण्याची भाषा झाली तेव्हा बाहेर गदारोळ उठला, बागायतदारांना मात्र त्यात नवल वाटलं नसावं.

पुणे जिल्ह्यातल्या मोराची चिंचोलीत मोर कुणाच्या मालकीचे नाहीत. चिंचांवर राहतात, सकाळी दाण्याला येतात, पावसाळा सरता सरता पिसं टाकून देतात. या पिसांना कायद्याने व्यापारबंदीतून वगळलं आहे, म्हणून वासुदेवाची टोपी अजून उभी आहे आणि पोरांच्या पुस्तकात पिसाला पिल्लं होण्याची वाटही पाहिली जाते. मोर मारून उपटलेली पिसं याच सवलतीआड बाजारात शिरतात. तपासणारे मग पिसाचं मूळ बघतात: आपसूक गळलेल्याचं कोरडं असतं, उपटलेल्याच्या मुळाशी रक्ताचा अंश राहतो.