ट्रेलरची शेपटी हलते? आधी बोट कुठे बसली आहे ते बघा

आमच्याकडून बोटीचा नवा ट्रेलर नेलेल्या गिऱ्हाइकाचा फोन साधारण दुसऱ्या दिवशी येतो. "साठच्या वर गेलं की मागून झोल मारतो हो, ॲक्सल वाकडा बसवलात काय?" ॲक्सल सरळच असतो. बोट उलाळ, म्हणजे मागे जड, झालेली असते.

बैलगाडी हाकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ओझं मागे सरकलं की जू वर उचलतं. गाडीमागे ट्रेलरवर बोट असली तरी हिशेब तोच: बोट, ट्रेलर, सामान मिळून जे वजन होईल त्याच्या ५ ते १० टक्के भार ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या हुकावर हवा. त्याहून कमी झाला तर ट्रेलर डावी-उजवी झुलतो, आणि उतारावर ते झुलणं वाढतच जातं. फार जास्त झाला तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात.

आता नेहमीची चूक. रॅम्पवर बोट विंचने (दोर गुंडाळायच्या चाकाने) ओढून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, ट्रेलरच्या पुढच्या रबरी स्टॉपरला टेकवता, तिथपर्यंत ठीक. पण ट्रेलर पाण्यातून वर येऊन सपाटीला लागला की बोट थोडी मागे बसते आणि नाळ सुटते. तिथे उतरून विंचला पुन्हा दोन झटके कुणी मारत नाही. मागच्या मे महिन्यात फोंडा घाटातून एकजण घाबरून परत आले, तेव्हा स्टॉपर आणि नाळेत वीतभर फट होती.

वीतभराने काय होतं? बोट इंजिनासकट ६०० किलो, ट्रेलर २०० किलो, हुकापासून ॲक्सल ४ मीटर धरा. हुकावर ५६ किलो ठेवून आम्ही ट्रेलर दिला. बोट २० सेंटिमीटर मागे गेली की त्यातले ३० किलो गेले. वर पेट्रोलचे कॅन, नांगर, दोर असं ४० किलो सामान ॲक्सलच्या दीड मीटर मागे टाकलंत, की आणखी १५ गेले. उरले ११. बोटीत साचलेलं पाणी मागेच जमतं, ते यात धरलेलंच नाही! निघण्याआधी प्लग काढून ते सोडा.

घरी तपासायचं तर सपाट जागी चाकांना ओट (अडसर) लावून ट्रेलर गाडीपासून सोडवा. चिऱ्यावर माणसाचा वजनकाटा, काट्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर हूक. उंची गाडीच्या बॉलइतकीच हवी, म्हणजे हूक ज्यावर बसतो त्या गोळ्याइतकी. ठोकळ्याचं वजन वजा करायला विसरू नका. वाटेत ट्रेलर झुलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, करकचून ब्रेक मारू नका.

"तयार ट्रेलर द्या ना, दोन दिवस कशाला अडवता?" असं बरेचजण म्हणतात. तयार ट्रेलर आम्हीही देऊ शकतो, पण चाळीस एचपीचं इंजिन काढून साठचं लावलंत की जुना तोल गेलाच. म्हणून बोट वर चढवूनच ॲक्सल सरकवतो, यू-बोल्ट आवळतो आणि स्टॉपरच्या जागी पिवळा पट्टा मारतो. आमच्या ट्रेलरला इंजिन बदलल्यावरची पहिली तपासणी फुकट; दुसरीकडून घेतलेला ट्रेलरही आणा, मजुरी आधी सांगू.

येताना इंजिन लावून, टाकी भरून, नेहमीचं सामान घेऊनच या. रिकामी बोट आणलीत तर आधी पेट्रोल पंपावर पाठवतो.